प्रयोगशाळेच्या इमारतीत कवडसे टांगताना

भित्तिचित्र दिसायला नुसता पुरेसा उजेड असला की झालं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं चित्रकार एम. एफ. हुसेन यांचं भित्तिचित्र भर पावसाळ्यातही दिसतंच. डायक्रोइक काचेचं, म्हणजे पाहण्याच्या कोनाप्रमाणे रंग बदलणाऱ्या काचेचं, तसं नाही. तिच्यावर नेमक्या दिशेने झोत पडला नाही तर ती करड्या आरशासारखी लटकत राहते. म्हणून प्रयोगशाळेच्या अॅट्रियममध्ये, म्हणजे अनेक मजले उंच मोकळ्या दालनात, या काचेच्या पट्ट्या टांगून कलाकृती करायची असेल, तर काचेची ऑर्डर देण्याआधी उजेडाचा नकाशा काढायचा.

या काचेत रंगद्रव्य नसतं, म्हणून रंग विटण्याची भीती जवळजवळ नाही. टायटॅनियम डायऑक्साइड, सिलिकॉन डायऑक्साइड अशा पदार्थांचे अतिपातळ थर निर्वातात चढवलेले असतात. ओल्या रस्त्यावरच्या तेलाच्या तवंगात दिसतात तेच हे रंग. एक रंग आरपार जातो, उरलेला परावर्तित होतो. कोन वाढला की रंग निळ्याकडे सरकतो: समोरून 600 नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे नारिंगी दिसणारा थर 45 अंशांत कलता केला की साधारण 545 वर, म्हणजे हिरव्यात येतो. त्यामुळे कॅटलॉगमधला रंग हा फक्त समोरून पाहिलेला रंग, हे कलाकृती मंजूर करणाऱ्या समितीला आधीच सांगून ठेवा.

सूर्याचा हिशेब

अॅट्रियमवर काचेचं छत असेल आणि पट्टी जमिनीपासून 10 मीटर उंच असेल, तर पुण्यात 21 डिसेंबरला भर माध्यान्ही सूर्य 48 अंशांवर असतो आणि कवडसा 9 मीटर उत्तरेला पडतो. मेच्या मध्यात शून्य सावलीच्या दिवशी तो बरोबर पट्टीखाली येतो. जूनअखेरीस सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला गेलेला, म्हणून कवडसा जेमतेम मीटरभर दक्षिणेला. हे तीन बिंदू प्लॅनवर मांडा आणि सकाळ-संध्याकाळचे तिरपे कवडसेही काढा. ते जिथे पडणार तिथली भिंत पांढरी आणि मॅट हवी. चकचकीत ग्रॅनाइटवर आरपार आलेला रंग दिसतच नाही.

खरी तक्रार येते ती परावर्तित कवडशाची. पट्टी 1 अंश फिरली की परावर्तित झोत 2 अंश फिरतो, म्हणजे 10 मीटरवर 35 सेंटिमीटर. एसीच्या झोतात पट्टी हलकेच डुलली, तरी तिसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी स्क्रीनवर दिवसभर लखलखाट. उपाय सोपा आहे: प्रत्येक पट्टी एका नव्हे, दोन तारांवर टांगा आणि खालूनही ताण द्या. बाक असलेल्या अंतर्वक्र पट्ट्या सूर्यासमोर अजिबात नकोत, त्या ऊन एका जागी गोळा करतात. लंडनच्या 20 फेनचर्च स्ट्रीट या अंतर्वक्र इमारतीने 2013 मध्ये रस्त्यावरच्या गाडीचे भाग वितळवले होते.

काच आणि टांगणी

डोक्यावर टांगायची काच लॅमिनेटेडच हवी, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर चिकटवलेली. आतल्या दोन्ही काचा पूर्ण टफन्ड (तापवून झटकन थंड केलेल्या, फुटल्यावर बारीक तुकडे होणाऱ्या) घेऊ नका: दोन्ही फुटल्या तर सगळी पट्टी ओल्या गोणपाटासारखी लोंबते. हीट-स्ट्रेंदन्ड, म्हणजे त्याहून कमी कडक केलेल्या काचेचे तुकडे मोठे राहतात आणि मधल्या थराला धरून ठेवतात. शिवाय टफन्ड काच निकेल सल्फाइडच्या कणामुळे महिन्यांनी आपोआप फुटू शकते. कुठे ती वापरावीच लागली, तर हीट-सोक चाचणीचं (काच मुद्दाम तापवून सदोष नग आधीच फोडून टाकण्याचं) प्रमाणपत्र मागा.

6+6 मिलिमीटरची, मध्ये 1.52 मिलिमीटर थर असलेली 300×600 मिलिमीटरची पट्टी पावणेसहा किलो भरते. अशा 40 पट्ट्या म्हणजे सुमारे 230 किलो, वर फ्रेम वेगळी. हा आकडा स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीसाठी लागतो. छिद्रं काच तापवण्याआधी पाडून घ्यावी लागतात, नंतर पाडायला गेलात तर काच हातात राहत नाही. स्टीलचा बोल्ट काचेला टेकू नये, मध्ये नायलॉनचा बुश हवा. कडेला सिलिकॉन लावायचं असेल तर न्यूट्रल-क्युअर (सुकताना आम्ल न सोडणारं) घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लॅमिनेशनच्या थराला कडेपासून पांढरं पाडतं.

डायक्रोइक थर लॅमिनेटच्या आत गेला की ओरखडे वाचतात, पण थराला हवेऐवजी प्लास्टिक भिडल्यामुळे रंग बदलतो. म्हणून नमुना नेमक्या त्याच जोडणीचा मागवा आणि जागेवर नेऊन पाहा. बजेट तोकडं असेल तर डायक्रोइक फिल्म साध्या काचेवर चढवता येते. मात्र ती हाताला लागेल अशा उंचीवर लावू नका.

दिवे

पावसाळ्यात सूर्य नसतो, तेव्हा काम दिव्यांनीच करायचं. एकच मोठी चिप असलेला, 10 अंशांच्या झोताचा स्पॉट घ्या: 6 मीटरवर त्याचा वर्तुळाकार ठिपका साधारण 1 मीटरचा पडतो. बारीक ठिपक्यांचा एलईडी टाळा, प्रत्येक ठिपक्याची वेगळी छटा पडून कडा पुसट होतात.

संशोधनाच्या इमारतीत ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) निवडताना आणखी काळजी लागते. स्वस्त ड्रायव्हरचा प्रकाश 100 हर्ट्झने लुकलुकतो. डोळ्याला कळत नाही, पण उघड्या दारातून आत गेलेला हाच प्रकाश एखाद्या संवेदनशील डिटेक्टरच्या नोंदीत दिसू शकतो. करंट कमी-जास्त करून मंदावणारा ड्रायव्हर मागा. प्राण्यांचे कक्ष अॅट्रियमला लागून असतील तर रात्री दिवे बंदच ठेवा. त्यांचं अंधाराचं चक्र बिघडलं तर प्रयोगच वाया जातो.

आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट: अनेक अॅट्रियममध्ये धूर शोधणारा इन्फ्रारेड झोत एका भिंतीवरून समोरच्या भिंतीकडे जातो. काच त्याच्या वाटेत आली तर एकतर खोटा अलार्म, नाहीतर धूर झाला तरी अलार्म नाही. फायर कन्सल्टंटकडून या झोताची आणि स्प्रिंकलरची उंची लेखी घ्या आणि मगच तारांची लांबी ठरवा.

पट्ट्या पुसायला सिझर लिफ्ट (माणसाला वर उचलणारं यंत्र) जाईल एवढं दार आणि लादीची ताकद आहे ना, हेही त्याच भेटीत विचारा. पुसायला मऊ कापड आणि पाणी पुरे. आणि दोन पट्ट्या जादा बनवून स्टोअरमध्ये उभ्या ठेवा, कारण थराच्या दुसऱ्या बॅचचा रंग जुळत नाही.