ब्लॅकथॉर्न ओळखावे कसे: रानटी प्लमच्या झुडपाचे निरीक्षण

युरोप, पश्चिम आशिया आणि वायव्य आफ्रिकेत कुंपणांच्या कडेला व रानांच्या सीमेवर वाढणारे ब्लॅकथॉर्न हे रानटी प्लमचे काटेरी झुडूप आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये त्याला प्रूनस स्पिनोझा हे नाव दिले. त्यातील स्पिनोझा या लॅटिन शब्दाचा अर्थच काटेरी असा आहे. पांढऱ्या फुलांनी लगडलेले झुडूप दिसले की बहुतेक जण फुलांवरूनच त्याचे नाव ठरवून मोकळे होतात आणि तिथेच फसतात, कारण त्याचा जवळचा नातेवाईक असलेला चेरी प्लमही तसाच पांढरा फुलतो. म्हणून निरीक्षणाची सुरुवात फुलापासून न करता फांदीपासून करावी. त्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग, मोजपट्टी आणि जाड हातमोजे एवढे साहित्य पुरते. हातमोजे मात्र टाळू नयेत, कारण या काट्याचे टोक सांध्याजवळ मोडून आत राहिले तर दीर्घकाळ सूज राहू शकते.

पानगळ झाल्यावर एक काटेरी फांदी हलकेच वाकवून भिंगाखाली धरावी. साल गडद, काळपट तपकिरी असते आणि कोवळ्या डहाळीवर बारीक लव असते. आता एकच काटा निवडून त्याच्या बुडापासून टोकापर्यंत नजर फिरवावी. त्याच्या अंगावर लहान लहान कळ्या बसलेल्या दिसतील, आणि वसंतात त्याच काट्यावर पाने, कधी फुलेही येतील. याचा अर्थ हा काटा म्हणजे टोकाशी वाढ थांबून कठीण झालेली आखूड फांदीच आहे. गुलाबाचा काटा सालीचाच भाग असल्यामुळे बाजूला रेटला की सहज सुटतो आणि बोरीचा काटा उपपर्णाचा, म्हणजे पानाच्या बुडाशी असणाऱ्या लहान पानासारख्या भागाचा, बनलेला असतो. त्या दोन्हींवर कळी कधीच येत नाही. ब्लॅकथॉर्नचा काटा मात्र आतील काष्ठाशी जोडलेला असल्यामुळे तोडू गेल्यास फांदी सोलवटते. या झुडपात इतके बोलके दुसरे काहीच नाही, असे माझे मत आहे, आणि म्हणून येथे घाई करू नये.

फुलांचा हंगाम साधारण मार्च-एप्रिलमध्ये, पालवी फुटण्याआधी येतो. पांढरा बहर उघड्या काळ्या फांद्यांवर उठून दिसतो. फूल सुमारे दीड सेंटिमीटर रुंद असते. एक फूल ब्लेडने उभे कापून पाहावे. पाच निदले (पाकळ्यांखालची हिरवी दले), पाच पाकळ्या आणि वीसच्या आसपास पुंकेसर एका लहान पेल्याच्या काठावर बसलेले असतात, आणि पेल्याच्या तळाशी, त्याच्या भिंतीला न चिकटता, एकच अंडाशय मोकळा उभा असतो. त्यात दोन बीजांडे असतात, पण बहुधा एकाचेच बी होते. पेल्याच्या आतल्या बाजूने मध स्रवतो आणि त्यासाठी मधमाश्या व इतर कीटक येतात. नुकत्याच उमललेल्या फुलात परागकोश फुटण्याआधीच कुक्षी, म्हणजे पराग झेलणारे स्त्रीकेसराचे टोक, पराग घेण्यास तयार असते. शिवाय झुडूप स्वतःच्या परागाने फळत नाही. म्हणून एकटे झुडूप फुलांनी भरूनही जवळजवळ वांझ राहिलेले आढळले, तर त्याला रोग झाला असे लगेच समजू नये. आधी जवळपास वेगळ्या बीपासून वाढलेले दुसरे झुडूप आहे का ते पाहावे. मुळांतून धुमारे फुटून एकाच झुडपाची मोठी जाळी तयार होते, त्यामुळे शेजारी दिसणारी दहा झुडपे प्रत्यक्षात एकच असू शकतात.

चेरी प्लमशी गल्लत टाळण्यासाठी तीन गोष्टी तपासाव्यात. त्याच्या कोवळ्या डहाळ्या हिरव्या व गुळगुळीत असतात, निदले मागे वळलेली असतात आणि तो बहुधा आधी फुलतो, अनेकदा पालवीबरोबरच. शंका राहिलीच तर फळापर्यंत थांबावे. ब्लॅकथॉर्नची पाने लहान, दोन ते साडेचार सेंटिमीटर लांब आणि दंतुर कडांची असतात. त्याचे फळ आखूड देठावर ताठ बसते, साधारण एक ते दीड सेंटिमीटर व्यासाचे भरते आणि निळसर काळे दिसते. ही निळाई बरीचशी वरच्या मेणाची असते. बोटाने पुसताच खालची काळी साल उघडी पडते. गर हिरवट असून आठळीला घट्ट चिकटलेला असतो, आणि टॅनिन या तुरट द्रव्यामुळे इतका तुरट लागतो की तोंड आकसते. आठळी फोडून आतले बी मात्र खाऊ नये; त्यात अ‍ॅमिग्डॅलिन असते व त्यापासून सायनाइड तयार होते.

गुणसूत्रांचा हिशेबही लक्षात ठेवण्याजोगा आहे: चेरी प्लममध्ये १६, ब्लॅकथॉर्नमध्ये ३२ आणि बागेतल्या युरोपीय प्लममध्ये ४८. पहिल्या दोघांच्या संकरातून तिसरा आला असावा, हे मत या आकड्यांमुळेच दीर्घकाळ मांडले गेले आहे.

रोप स्वतः वाढवून पाहायचे असेल, तर पिकलेल्या फळाचा गर पूर्ण काढून आठळी धुवावी आणि शरद ऋतूतच ओलसर वाळूमिश्रित मातीत दोन-तीन सेंटिमीटर खोल पेरून कुंडी बाहेर, थंडीत ठेवावी, कारण गारठा सोसल्याशिवाय आतला गर्भ जागा होत नाही. उंदरांपासून रक्षणासाठी वर जाळी घालावी. पहिल्या वसंतात काहीच उगवले नाही तरी कुंडी रिकामी करू नये आणि माती सुकू देऊ नये. अनेक आठळ्या दुसऱ्या वसंतातच उगवतात.