हुकलेल्या गाण्यांची बैठक कशी भरवावी

ब्रिटन-अमेरिकेतल्या लोकप्रियतेच्या यादीत वर जायला हवी होती पण गेली नाहीत, अशी इंग्रजी पॉप गाणी निवडायची, आठ-दहा माणसांना ऐकवायची, खरंच कोणतं हुकलं यावर मनसोक्त वाद घालायचा आणि घरी जायचं. सांगलीत आमचा हा उद्योग बरीच वर्षं चाललाय. आता ओळखीपाळखीचे लोक विचारतात, आम्हालाही करायचंय, काय काय लागतं? लागत फारसं काही नाही. घोळ होतो तो गाणी निवडताना, म्हणून इथे बहुतेक मजकूर त्यावरच आहे.

जागा, चहा, स्पीकर तुमचं तुम्ही बघा. भडंग ठेवणार असाल तर दोन गाण्यांच्या मधे वाटा. आठ माणसं एकदम भडंग खायला लागली की हळुवार सुरुवातीचं कुठलंही गाणं मेलंच म्हणून समजा. आणि जुलै-ऑगस्टात गावभागातल्या तळमजल्यावर बैठक ठरवत असाल तर आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघालंय का ते आधी बघा. २०१९ च्या महापुरानंतर हे सांगायची गरज नसावी, तरी सांगतो.

कच्ची यादी: प्रत्येकाकडून तीन गाणी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. झालं.

प्रत्येक गाण्यापुढे लिहा: का अडलं?

इथे भलेभले गळपटतात. मलाही सुरुवातीला हीच पायरी जड जायची. नेटवर सल्ला मिळतो तो असा: आवडतं गाणं घ्या, त्याचा नंबर बघा, नंबर कमी असला की 'अन्याय झाला' म्हणा. बिनकामाचा सल्ला आहे. नुसता नंबर कमी आहे यावरून काहीच सिद्ध होत नाही. खाली राहिलेली बहुतेक गाणी खाली राहण्याच्याच लायकीची असतात. नंबर का कमी राहिला हे तुम्हाला एका वाक्यात सांगता येत नसेल तर ते गाणं काढून टाका, मग ते कितीही लाडकं असो.

सुरुवात 'कोणत्या यादीत?' या प्रश्नानं करा. बीटल्सचं 'प्लीज प्लीज मी' घ्या. १९६३ मध्ये ब्रिटनमधल्या 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' आणि 'मेलडी मेकर' या दोन्ही साप्ताहिकांच्या यादीत ते पहिलं होतं. 'रेकॉर्ड रिटेलर'च्या यादीत मात्र दुसरं. पुढे त्या काळासाठी अधिकृत म्हणून 'रेकॉर्ड रिटेलर'चीच यादी धरली गेली आणि गाणं कायमचं दोन नंबरचं ठरलं. बीटल्सची पहिल्या नंबरची गाणी गोळा करून २००० मध्ये अल्बम निघाला, त्यात म्हणूनच ते नाही. आता हे गाणं हुकलं म्हणायचं का? माझ्या मते नाही. त्याला लोकांनी कमी लेखलं नाही, त्याची वही बदलली एवढंच.

आमच्याकडे साठी ओलांडलेली मंडळी असतात, त्यांना हे लगेच कळतं, कारण त्यांनी बिनाका गीतमाला ऐकलेली आहे. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोन, अमीन सयानींचा आवाज आणि पायदानांवरून शाळेत होणारी भांडणं. रेकॉर्डच्या दुकानांतले आकडे आणि श्रोत्यांची पसंती यांचा मेळ घालून ती क्रमवारी लागायची, त्यामुळे मोजणी कशी झाली हा संशय त्यांच्या अंगात मुरलेला आहे. योगायोग म्हणजे ब्रिटनची पहिली यादीही गीतमालेच्याच वर्षी, १९५२ च्या नोव्हेंबरात आली. वीसेक दुकानांना फोन करून ती तयार केली होती. अमेरिकेतली 'बिलबोर्ड हॉट १००' ऑगस्ट १९५८ पासूनची, तिच्यात विक्रीबरोबर रेडिओवरचं वाजणंही धरतात. यातही १९९१ च्या अखेरीपर्यंत दुकानदार सांगतील ती विक्री खरी मानायचे, बारकोडवरून मोजणी नंतर सुरू झाली. त्यामुळे जुन्या यादीतला ३१ आणि ३४ यांतला फरक मनाला लावून घेऊ नका.

यादी ठरली की नियम तपासा. माझं आवडतं खातं हेच, कारण इथला अन्याय कागदावर दाखवता येतो. 'नो डाउट'चं 'डोन्ट स्पीक' अमेरिकेच्या रेडिओ-यादीत १९९६-९७ मध्ये १६ आठवडे पहिलं होतं. हॉट १०० मध्ये ते किती नंबरला होतं? कितीलाच नाही. डिसेंबर १९९८ पर्यंत नियम असा होता की गाणं सुटं सिंगल म्हणून, म्हणजे अल्बमशिवाय एकटं, दुकानात विकायला नसेल तर ते हॉट १०० मध्ये येऊच शकत नाही. कंपन्या सिंगल मुद्दाम काढत नसत, म्हणजे एका गाण्यासाठी लोकांना अख्खा अल्बम घ्यावा लागे. ब्रिटनमध्ये सिंगल निघालं आणि तेच गाणं पहिलं आलं. 'गू गू डॉल्स'चं 'आयरिस' १८ आठवडे रेडिओवर पहिलं होतं, नियम बदलल्यावर हॉट १०० मध्ये शिरलं आणि नवव्या नंबरपर्यंतच गेलं, कारण तोवर त्याचा भर ओसरला होता. नॅटली इम्ब्रुलियाच्या 'टॉर्न'चं आणखी वाईट: ११ आठवडे रेडिओवर पहिलं, हॉट १०० मध्ये ४२. कुणी नुसता हा ४२ चा आकडा दाखवून 'बघा, कुणी ऐकलंच नाही' म्हणालं तर त्याला चहा देऊन गप्प बसवा.

नियमात काही सापडलं नाही तर ते रेडिओवर वाजलं का, हे बघा. आइक आणि टीना टर्नर यांच्या नावावर निघालेलं 'रिव्हर डीप, माउंटन हाय' १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये तिसरं आणि अमेरिकेत, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या देशात, ८८ वं. गाणं तेच, आवाज तोच. तेव्हा अमेरिकेतली रेडिओ स्टेशनं गोऱ्यांची आणि काळ्यांची अशी वेगळी होती. एका बाजूला ते फार काळं वाटलं आणि दुसऱ्या बाजूला फार पॉप, असंच कारण आजवर सांगितलं जातं. दोन देशांतल्या नंबरांत एवढी दरी दिसली की समजायचं, दोष गाण्याचा नाही. ही माझी सर्वांत भरवशाची खूण आहे. एकाच देशाचा नंबर बघून कधीही निकाल देऊ नका.

'बीच बॉइज'चं 'गॉड ओन्ली नोज' अमेरिकेत ३९ वं का राहिलं? कारण तिथे ते दुसऱ्या गाण्याच्या पाठीमागे, बी-साइडला टाकलं होतं. ब्रिटनमध्ये तेच तबकडीच्या दर्शनी बाजूला होतं, तिथे दुसरं आलं. संपला विषय.

दुकानात मालच पोचला नाही, असंही होतं. मेम्फिसच्या 'बिग स्टार' या बँडनं १९७२ मध्ये पहिल्या अल्बमचं नावच 'नंबर वन रेकॉर्ड' ठेवलं. परीक्षणं छान आली, वितरण कोलमडलं, लोकांना तो दुकानात मिळेना. १९७४ चं त्यांचं 'सेप्टेंबर गर्ल्स' यादीत कुठेच नाही. बारा वर्षांनी 'बँगल्स'नं ते आपल्या अल्बमवर गायलं, तेव्हा अनेकांच्या कानावर पहिल्यांदा पडलं. खूप ऐकणारी तरुण पोरं, आमच्याकडे विश्रामबागेतल्या कॉलेजांतून येतात ती, या गाण्यावर हमखास भाळतात. पण इथे सावध राहा. 'वितरण वाईट होतं' ही सबब कुठल्याही पडलेल्या गाण्याला चिकटवता येते. माल दुकानात नव्हता याचा पुरावा असेल तरच ती मान्य करा.

आता दोन नंबरची गाणी. यांच्यावर मी मुद्दाम कडक आहे. कच्ची यादी आली की निम्मी गाणी दोन नंबरची असतात, कारण तिथे गोष्ट आयती मिळते: कोण आडवं आलं? मिरजेहून येणारे आमचे एक काका आहेत, तंतुवाद्यांच्या गल्लीत आयुष्य गेलेलं. त्यांनी एकदा विचारलं, "अरे बाळा, अख्ख्या देशात दुसरं आलं आणि तू त्याला हुकलं म्हणतोस? आमच्यात याला पास म्हणतात." काकांचं बरोबर आहे. म्हणून दोन नंबरची दोनच गाणी घ्यायची, जास्त नाही.

मी घेतो त्यातलं एक 'अल्ट्राव्हॉक्स'चं 'व्हिएन्ना'. १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये चार आठवडे दुसऱ्या नंबरवर अडकलं. आधी जॉन लेननचं 'वुमन' वर होतं. लेननचा खून होऊन दोनच महिने झाले होते, त्या लाटेपुढे कुणाचं काही चालणार नव्हतं. पण नंतरचे तीन आठवडे जो डॉल्चे नावाच्या गृहस्थाचं 'शडप यू फेस' हे विनोदी गाणं वर होतं. पुढे बीबीसी रेडिओ २ च्या श्रोत्यांनी दोन नंबरवर राहिलेल्या गाण्यांत 'व्हिएन्ना'ला पहिला मान दिला.

दुसरं म्हणजे १९६७ ची बीटल्सची 'पेनी लेन' आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' ही जोडतबकडी. तिला ब्रिटनमध्ये एंगलबर्ट हम्परडिंकच्या 'रिलीज मी'नं रोखलं. हे लावताना 'बघा, लोक किती अडाणी होते' असा सूर लावू नका. 'रिलीज मी' सहा आठवडे पहिलं होतं आणि ५६ आठवडे यादीत होतं. एवढे आठवडे लोक पदरचे पैसे घालून तबकडी घेत होते. गायकाचा जन्म मद्रासचा, १९३६ चा, हे सांगितलं की आमच्याकडची अर्धी खोली त्याच्या बाजूनं जाते. मागच्या वेळी तर मतं त्यालाच जास्त पडली. पडू द्यावीत.

'क्रीडेन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल'च्या पाच तबकड्या हॉट १०० मध्ये दुसऱ्या आल्या आणि पहिली एकही नाही, हे कुणीतरी सांगतंच. किस्सा छान आहे. पण तो बँडचा झाला, त्यातल्या कुठल्या एका गाण्यावर अन्याय झाला हे त्यातून कळत नाही. बाद.

आणि ज्यांचा हिशेब नंतर चुकता झाला ती गाणी? केट बुशचं 'रनिंग अप दॅट हिल' १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये तिसरं आलं. २०२२ मध्ये एका वेबमालिकेत वाजलं आणि ३७ वर्षांनी पहिलं झालं. त्यातही नियमाची भानगड आहेच: जुन्या गाण्यांचं स्ट्रीमिंग तिथे कमी भावानं मोजतात, या गाण्याला खास सूट दिली तेव्हा ते वर गेलं. 'लास्ट ख्रिसमस' १९८४ मध्ये दुसरं होतं, जानेवारी २०२१ मध्ये पहिलं आलं. अशी गाणी यादीत घेऊ नका. त्यांना न्याय मिळाला, आता रडायचं कशाला? हवं तर चहाच्या वेळी लावा.

एवढं चाळून झालं की पंचवीस-तीस गाण्यांची सात-आठ उरतात. तेवढीच पुरे. आठाच्या पुढे कुणाचाही कान ताजा राहत नाही, मिरजेच्या माणसाचासुद्धा.

कोणती प्रत लावायची

स्ट्रीमिंगवर जुन्या गाण्यांच्या पुन्हा गाऊन काढलेल्या प्रती पडलेल्या असतात, मूळ वर्ष बघूनच लावा. 'गॉड ओन्ली नोज' मोनोत ऐका. ते मुळात मोनोतच मिसळलेलं आहे, स्टिरिओ प्रत १९९० च्या दशकातली.

लावण्याची पद्धत

जिथे कुणी आडवं आलेलं आहे तिथे आधी ते आडवं आलेलं गाणं लावा, दीड मिनिट, मग हुकलेलं पूर्ण. उलट क्रमानं लावलं तर पहिल्या गाण्याच्या नशेत दुसऱ्याला कुणी न्याय देत नाही. नंबर आणि कारण गाणं संपल्यावरच सांगा. आधी '८८' सांगितलंत की लोक गाण्यात खोट शोधायला बसतात. आणि गाणं चालू असताना 'हे ऐका, आता येतंय बघा' असं म्हणणाऱ्याला स्वयंपाकघरात चहा गाळायला पाठवा.

सगळ्यांना इंग्रजी शब्द कळणार नाहीत. गाण्याआधी दोन वाक्यांत विषय सांगा. ओळींचा अर्थ लावत बसू नका, त्यात अर्धा तास जातो.

मतदान

हात वर करून मतं घेऊ नका, वयानं मोठ्या माणसाकडे बघून बाकीचे हात वर होतात. चिठ्ठ्या वापरा, एका माणसाला एकच मत, आणि स्वतः सुचवलेल्या गाण्याला मत द्यायची बंदी. बरोबरी झाली तर दोन्ही गाणी पुन्हा लावून फक्त त्या दोघांत मतं घ्या. चिठ्ठ्या मोजायला ज्याचं एकही गाणं यादीत नाही असा माणूस बसवा. असा कुणी उरला नसेल तर शेजारच्यांना बोलवा, चहा तसाही उरलेला असतो.