चावलेल्या कुत्र्या-मांजराचे 10 दिवस

घरचं कुत्रं किंवा मांजर कुणाला चावलं, तर त्याला 10 दिवस नजरेखाली ठेवायचं असतं. चावताना लाळेत रेबीजचे विषाणू असतील, तर ते या मुदतीत आजारी पडतं किंवा दगावतं. फेरेटलाही (मुंगसासारखा दिसणारा लहान पाळीव प्राणी) हाच नियम.

ठाणे-नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये बरेच जण अशा वेळी त्याला बाल्कनीत बांधून टाकतात. कृपया नको. दुपारी लादी पोळते, पावसात झड आत येते आणि शेजारचं लहान मूल ग्रिलमधून हात घालू शकतं. आतली हवेशीर खोली द्या. मांजर सरकत्या जाळीला नखं लावून फट करतं, म्हणून जाळीला आतून लॉक हवंच. पाण्याचं भांडं जड, लवंडणार नाही असं. शी-शूचा ट्रे खाण्यापासून लांब. खोलीत एकाच मोठ्या माणसाने जायचं. खाणं सोडलं, गिळता येईना, आवाज बदलला, की लगेच डॉक्टरांना फोन करा. या दिवसांत त्याला रेबीजची लस टोचून घेऊ नका. लसीचा त्रास की आजार, हे कळेनासं होतं.

ज्याला चावलं त्याने मात्र 10 दिवस वाट पाहायची नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन सुरू करा.