बागेतलं लग्न, जुनं घर: लेन्सच्या आधी भटजींना गाठा

जुन्या घराच्या बागेतलं लग्न हातात आलं की नवे फोटोग्राफर आधी लेन्सची यादी करायला बसतात. मी आधी भटजींना फोन लावते. मुहूर्त किती वाजताचा आणि अंतरपाट धरताना दोघांची तोंडं कुठल्या दिशेला, या दोन गोष्टी कळल्या की निम्मं काम झालं.

मी कुडाळची. कामं बरीचशी सिंधुदुर्गातली आणि गोव्यात फोंडा-डिचोलीकडच्या जुन्या घरांतली. जांभ्याच्या जाड भिंती, मधे राजांगण म्हणजे घराच्या आतलं उघडं अंगण, पुढे खळं म्हणजे दारापुढचं अंगण, मागे उतरत गेलेलं कुळागर म्हणजे पोफळीची बाग. पुढचं सगळं अशा घरांना धरून लिहिलंय. हॉटेलच्या लॉनला ते अर्धमुर्धंच लागू पडेल.

अभिजित मुहूर्त म्हणजे मध्यान्हीचा. आपलं घड्याळ चालतं ८२.५ अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर आणि आपण आहोत त्याच्या पश्चिमेला, ७४ च्या आसपास, त्यामुळे इकडे सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या पुढेमागे. पत्रिकेत दुपारी १२ वाजून ३० मिनिटं छापलं असेल तर तो नेमका तोच क्षण. त्यात मे महिन्याचा पहिला आठवडा असेल तर बघायलाच नको, इकडचे शून्य सावलीचे दिवस, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येतो ते, तेव्हाच येतात. नवरीच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, नाकाची सावली ओठांवर उतरते, मुंडावळ्यांच्या रेघा गालांवर येतात. हे लग्न उघड्या बागेत लावू नका असं यजमानांना आधीच सांगा. राजांगणाच्या कडेची पडवी मागून घ्या. अंगणात पडलेलं ऊन जमिनीवरून उसळून पडवीत येतं आणि चेहरे खालून, बाजूने मऊ उजळतात. मागची भिंत चुन्याची असेल तर आणखी बरं. होम मात्र राजांगणात उघड्यावरच असू दे, धुराला वर जायला वाट हवी. आणि धूर फोटोत दिसायला हवा असेल तर उजेड समोर घेऊन काढा, पाठीवर उजेड घेतलात तर तो गायबच होतो.

गोरज मुहूर्त लागला तर नशीब काढलंत. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, मे महिन्यात सातच्या जरा आधी. लग्न त्याच्याच आगेमागे. पण इथे एक मेख आहे. बहुतेक भटजी वधूवरांना पूर्व-पश्चिम उभं करतात. म्हणजे एकाच्या चेहऱ्यावर सरळ सोनेरी ऊन आणि दुसऱ्याच्या पाठीवर. अंतरपाट मधे असेपर्यंत हे कळत नाही, कारण तो पांढरा कपडाच ऊन घेऊन पाठमोऱ्याच्या तोंडावर उजेड टाकत असतो. अंतरपाट खाली गेला की तो चेहरा एकदम अंधारतो, आणि अख्ख्या लग्नातला सगळ्यात महत्त्वाचा फोटो तोच! म्हणून मदतनीसाला पांढरा थर्माकोल देऊन कमरेखाली, फ्रेमबाहेर बसवा. तुम्ही स्वतः उत्तरेला किंवा दक्षिणेला, दोघांच्या बरोबर मधे. एक्सपोजर अंधारलेल्या चेहऱ्यावर सेट करा, रॉमध्ये (नंतर उजेड सुधारता येतो अशा कच्च्या फाइलमध्ये) काढा आणि मागचं आकाश थोडं पांढरं गेलं तर जाऊ द्या. कुणी लग्नाच्या अल्बमात आकाश बघत नाही.

मंगलाष्टका किती आहेत हेही विचारून ठेवा. हौशी आत्या-मावश्या आपापली एकेक म्हणतात आणि प्रत्येक ‘सावधान’ला अक्षता उडतात. त्या वेळी आजी-आजोबांचे चेहरे टिपायचे. शेवटचं ‘तदेव लग्नं’ कानावर आलं की मात्र जागा सोडायची नाही. अक्षता हवेत थिजलेल्या हव्या तर शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद. १/१२५ ला त्यांच्या रेघा होतात. मला रेघा आवडतात, पण घरच्यांना त्या धूळ वाटतात, तेव्हा दोन्ही काढा.

आता मांडव. हिरवी शेडनेट. खळ्यावर उन्हासाठी ती टाकतात आणि तिच्याखाली नवरा-नवरी काविळीतून उठल्यासारखी दिसतात. नंतर संगणकावर हिरवा कमी करायला गेलात तर शालूचा हिरवा आणि चुडा मरतो. मांडववाल्याला आठवडाभर आधी फोन करून सांगा, वर पांढरं किंवा मोतिया कापड लाव. भगवं आणि लाल कापडही तसंच त्रासाचं, सगळ्यांच्या कपाळांवर रंग सांडतो. कापड बदलणं शक्यच नसेल तर करड्या कार्डावर व्हाइट बॅलन्स घ्या, म्हणजे कॅमेऱ्याला खरा रंग कळतो, आणि जमिनीवर, फ्रेमच्या खाली, पांढरी चादर अंथरा. गवताचा हिरवा उजेड हनुवटीखाली येतो तोही तिने थांबतो. जांभ्याच्या भिंतीजवळ तांबूस छटा येते ती मात्र मी काढत नाही. ती छटा घालवली तर ते लग्न इथलं वाटणारच नाही.

गोव्यातल्या जुन्या घरांच्या काही खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं असतात. काच महाग आणि दुर्मिळ होती त्या काळची ही सोय. त्यातून येणारा उजेड दुधासारखा असतो, कुठल्याही सॉफ्टबॉक्सला न जमणारा. नवरीची तयारी त्या खोलीत ठेवायला सांगा. खिडकीपासून हातभर अंतरावर तिला तिरकी बसवा, खोलीतले सगळे पिवळे-पांढरे दिवे घालवा, ५० किंवा ८५ मिमीची लेन्स लावा. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० झाला तरी घाबरू नका. फ्लॅश इथे वापरू नका. छप्पर कौलांचं, उंच आणि काळपट, त्यावर उजेड मारला तर परत काहीच येत नाही. अगदीच गरज पडली तर पाठीमागच्या चुन्याच्या भिंतीवर मारा.

एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेर आणलात तर लेन्सवर वाफ धरते आणि ती पुसून जात नाही. कॅमेरा अर्धा तास आधीच बंद पिशवीतून पडवीत आणून ठेवा.

कुळागरातले जोडीचे फोटो सगळ्यांना हवे असतात आणि सगळ्यांचे तिथेच बिघडतात. पोफळींमधून ऊन ठिपक्याठिपक्यांनी पडतं. एक ठिपका नवऱ्याच्या नाकावर, एक नवरीच्या खांद्यावर. दुपारी तिकडे फिरकू नका. ऊन पूर्ण तिरकं झाल्यावर जा, जोडीला सावलीच्या सलग पट्ट्यात उभं करा आणि उजळलेली झाडं मागे लांब ठेवा. पाण्याच्या पाटाच्या कडेने सरळ रांग मिळते, तिथे ८५ किंवा १३५ छान बसते. आंब्याखाली उभं करण्याआधी वर बघा, तांबड्या मुंग्यांची पानांची घरटी असतात. पैठणीत शिरलेली मुंगी दहा मिनिटं खाते.

फुलांबद्दल बोलायचा आपला अधिकार नाही असं समजू नका. डेकोरेटर विमानाने आणलेली हायड्रेंजिया लावतो आणि एप्रिलच्या उकाड्यात ती दुपारपर्यंत माना टाकते. त्या दिवसांत वेंगुर्ल्याकडे सुरंगीचा हंगाम असतो. तिचे वळेसर म्हणजे गजरे, अबोली, सोनचाफा, मोगरा हे इथल्या उन्हात जास्त टिकतात आणि फोटोत घराशी जुळतात. सुरंगीच्या कळ्या पहाटे काढून त्याच दिवशी ओवतात. त्या बायकांचे हात, मांडीवरची टोपली, अर्धा झालेला वळेसर हे सकाळी लवकर जाऊन काढा. बागेची थीम म्हणजे काय ते त्या पाच-सहा फोटोंत येतं.

घराचे नियम थोडेच, पण पाळा. कावीची लाल-पांढरी चित्रं असलेल्या भिंतीला टेप लावायची नाही, स्टँडही टेकवायचा नाही. लाकडी माळ्याखाली कोल्ड पायरो (ठिणग्यांचं कारंजं) नको. ड्रोन उडवायचा असेल तर डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशात झोन आधी बघा. दाबोळी, मोपा आणि चिपी असे तीन विमानतळ आपल्या भागात आहेत. ‘सगळेच उडवतात’ हे उत्तर पोलिसांपुढे चालत नाही.

घरच्यांचे गटफोटो पुढच्या पायऱ्यांवर घ्या, दारावरच्या छपराच्या सावलीत. म्हातारी माणसं आधी, बसवून. त्यांना सोडून दिलं की मग बाकीची गर्दी. नावं पुकारायला करवलीला उभी करा, आपण ओरडलो तर कुणी ऐकत नाही.

रात्री बागेतल्या एलईडी माळांखाली फोटोवर काळे आडवे पट्टे येतात. वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. उघड्यावरचा लाउडस्पीकर दहाला बंद करावा लागतो, तेव्हा नाचाचे फोटो साडेनऊपर्यंत उरका. विहिणीची पंगत त्याआधी बसली तर माडीच्या खिडकीतून काढा, केळीच्या पानांची रांग वरूनच दिसते. माडी सहसा कुलपात असते. किल्ली घरातल्या वडीलधाऱ्या काकींकडे मिळते, घरमालकांकडे नाही. काम झालं की त्यांना घराचे चांगले दहाबारा फोटो छापून पाठवा. पुढच्या लग्नाला किल्ली न मागता मिळते.