चेस्टनट ओळखावा कसा आणि मराठवाड्यात चारोळी लावावी कशी

चेस्टनट या नावाखाली दोन अगदी वेगळी झाडे येतात आणि त्यांपैकी एकाचे बी विषारी असते, म्हणून रोप विकत घेण्याआधी ओळख पक्की करावी. खाण्याच्या चेस्टनटचे पान एकेरी, लांबट आणि करवतीसारख्या कडेचे असते. फळावर साळिंदरासारखे दाट काटे असतात आणि आतल्या बीला टोक असते. हिमालयात खनोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हॉर्स चेस्टनटचे पान मात्र पंजासारखे पसरलेले असते, बी गुळगुळीत व बिनटोकाचे असते आणि ते कच्चे खाल्ल्यास विषबाधा होते.

खाण्याच्या चेस्टनटला आम्लधर्मी जमीन आणि हिवाळ्यात खरी थंडी लागते. आपली चुनखडीयुक्त काळी जमीन आणि चाळिशी ओलांडणारा उन्हाळा त्याला मानवत नाही, त्यामुळे त्यावर पैसा घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी मुरमाड, निचऱ्याच्या माळावर चारोळी लावावी. किनवट-माहूरच्या जंगलात ती आपोआप वाढते.

चारोळीची खूण तिच्या सालीत आहे. जुन्या खोडाची काळपट साल मगरीच्या पाठीसारखी लहान चौकोनी तुकड्यांत फुटलेली दिसते; पाने जाड, चामट आणि ठळक शिरांची असतात. शेजारी बिब्बा असल्यास त्याचे पान बरेच मोठे असते आणि काळे फळ केशरी मांसल देठावर बसलेले असते. बिब्ब्याचा चीक अंगावर उततो, म्हणून त्याला उघड्या हाताने शिवू नये.

चारोळीचे बी जुने झाले की उगवत नाही, म्हणून एप्रिल-मेमध्ये पिकलेल्या फळांचेच घ्यावे. कवच फार कठीण असते. बी दगडावर उभे धरून शिवणीवर हलका ठोका द्यावा, चीर पडली की थांबावे, कारण आतला गर दुखावला तर कोंब येत नाही. नंतर एक दिवस भिजवून लांब पिशवीत पेरावे. सोटमूळ खोल जात असल्याने आखूड पिशवीत ते वेटोळे घेते.

पाऊस स्थिरावल्यावर 60 सेंटीमीटर लांब, रुंद व खोल खड्ड्यात रोप लावावे आणि दोन झाडांत सुमारे आठ मीटर अंतर ठेवावे. पहिले दोन उन्हाळे बुडाशी मटका पुरून पाणी द्यावे आणि शेळ्यांपासून राखण्यासाठी भोवती बाभळीच्या काट्या रोवाव्यात. फळ धरायला काही वर्षे जातात. ते काढताना फांद्या छाटू नयेत, हाताने वेचावे, रात्रभर भिजवून चोळून साल काढावी आणि बी सावलीत वाळवावे.