‘बोलेल हो हळूहळू!’ पण थांबायचं कुठवर?

मूल बोलायला उशीर करत असेल, तर पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या बाकावर हे वाक्य ऐकू येतं. ‘त्याचा बाबाही तीन वर्षांचा होईतो गप्पच होता’ हे त्याचं शेपूट. कुणी जिभेला वेखंड लावायला सांगतं. ते राहू द्या. आठवडाभर एवढं करून पाहा.

आधी एक वही घ्या. मूल आपणहून म्हणतं ते सगळे शब्द लिहा. ‘भुभू’, ‘मम्मम’ हेही शब्दच, फक्त दर वेळी त्याच गोष्टीसाठी यायला हवेत. दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण 50 शब्द हवेत आणि ‘आई ये’, ‘बाबा गेला’ अशा जोड्या जुळायला हव्यात. सांभाळणाऱ्या मावशी हिंदी बोलत असतील तर दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजा. दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही.

मग कळतं किती ते पाहा. बोट न दाखवता, चपलांकडे नजरही न टाकता म्हणा, ‘चप्पल आण.’ एरवी आजी हात करते, नातू चप्पल आणतो आणि घर म्हणतं, ‘सगळं कळतं हो त्याला!’ दीड वर्षाचं मूल हवी ती वस्तू बोटानं दाखवत नसेल किंवा हाकेला वळत नसेल, तर वही भरत बसू नका. येत असलेले शब्द गेले, तर कुठल्याही वयात लगेच डॉक्टर गाठा.

‘रिक्षा’ची ‘लिक्षा’ काही वर्षं चालेल, र उशिराच येतो. चार वर्षांनंतरही ‘काका’चा ‘ताता’ होत असेल तर मात्र दाखवा. अडखळणं सहा महिन्यांवर टिकलं, किंवा बोलताना चेहरा ताणला जात असेल, तरीही.

स्पीच थेरपीच्या, म्हणजे बोलण्याच्या उपचारांच्या, आधी कान तपासा. दाराची बेल वाजल्यावर मूल वळतं, एवढ्यावर समाधान मानू नका. कमी ऐकू येणाऱ्यालाही मोठा आवाज कळू शकतो. वारंवारच्या सर्दीनं पडद्यामागे पाणी साठतं आणि बोलणं पुसट ऐकू येतं. आवाजाला कानाची नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का, हे बेरा चाचणीत कळतं. तान्ह्या मुलांची ती झोपेत होते, दुखत नाही.

पुण्यात ससून रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागापासून सुरुवात करता येईल. धनकवडीला भारती विद्यापीठाचं वाचा-श्रवणशास्त्राचं महाविद्यालय आहे. खासगी थेरपिस्टकडे गेलात तर आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी बेधडक विचारा. जाताना वही न्या, आणि घरी खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओसुद्धा. दवाखान्यात पाऊल टाकलं की बडबडी मुलंही आईच्या ओढणीत तोंड खुपसतात.