सिस्टीम ड्राइव्हचा बॅकअप कोणत्या पद्धतीने घ्यावा

"महत्त्वाच्या फाइली पेन ड्राइव्हवर टाकून ठेव, झाला बॅकअप" हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. फोटो-कागदपत्रांपुरता तो ठीक आहे. पण सिस्टीम ड्राइव्ह गेली की विंडोज, बसवलेले प्रोग्राम, ड्रायव्हर, वर्षानुवर्षं लावत आणलेली सेटिंग्ज, सगळंच जातं आणि त्यातलं काहीही कॉपी-पेस्ट करून परत येत नाही. दुसरा गैरसमज म्हणजे विंडोजला आधीच्या स्थितीत नेणारं सिस्टीम रिस्टोअर हाच बॅकअप. त्या आधीच्या स्थितींच्या नोंदी, म्हणजे रिस्टोअर पॉइंट, त्याच ड्राइव्हवर असतात. ड्राइव्ह मेली की तेही गेले.

पुढचं सगळं विंडोजबद्दल आहे. मॅक असेल तर बाहेरची डिस्क जोडून टाइम मशीन चालू करा.

१. क्लोन की इमेज?

क्लोन म्हणजे एका डिस्कची जशीच्या तशी दुसरी डिस्क. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायची असेल तर क्लोनच करा. बॅकअप म्हणून मात्र मी तो कुणालाही सुचवत नाही. पुढचा क्लोन आधीच्याला पुसून टाकतो, म्हणजे हाती कायम एकच प्रत. बिघाड गेल्या आठवड्यात शिरला आणि लक्षात आज आला, तर क्लोनमध्येही तोच बिघाड बसलेला असतो. शिवाय दोन्ही डिस्कची ओळख एकसारखी असल्यामुळे त्या एकत्र जोडल्या की विंडोज त्यातली एक ऑफलाइन करून टाकतं.

इमेज म्हणजे संपूर्ण डिस्क एका फाइलमध्ये बांधून ठेवणं. वापरलेली जागाच घेतली जाते, तीही दाबून. त्यामुळे एकाच बाहेरच्या डिस्कवर वेगवेगळ्या तारखांच्या चार-पाच इमेज मावतात. इमेजच घ्या.

२. प्रोग्राम

इमेज घेणारा क्लोनझिला हा प्रोग्राम फुकट आहे आणि यूएसबीवरून चालतो. पण त्याचे पडदे रूक्ष आहेत, आणि रिस्टोअर करताना, म्हणजे इमेज परत डिस्कवर उतरवताना, नवी डिस्क मूळ डिस्कपेक्षा लहान असली की सहसा अडतो. तो वापरणार असाल तर शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करा. नुसतं बंद केलं तर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं. विंडोजमध्येच चालणारे प्रोग्राम शॅडो कॉपी (त्या क्षणीच्या ड्राइव्हचं गोठवलेलं चित्र) वापरतात, त्यामुळे इमेज बनत असताना तुमचं काम चालू राहतं. कोणताही निवडा, फक्त त्याची स्वतःची रेस्क्यू यूएसबी, म्हणजे विंडोज सुरू होत नसतानाही जिच्यावरून संगणक चालू करून इमेज परत घालता येते ती, बनवता आली पाहिजे. विंडोजमधली जुनी 'सिस्टीम इमेज' सोय मायक्रोसॉफ्टनेच 2017 मध्ये मोडीत काढायच्या यादीत टाकली. तिच्यावर विसंबू नका.

३. बाहेरची डिस्क

एनटीएफएस फॉरमॅट करा. फॅट32 या दुसऱ्या फॉरमॅटवर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

४. काय काय निवडायचं

मी फसलो ते इथे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडून बघा, तिथे डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, दिसतात. सी ड्राइव्हच्या आधी एक चिमुकलं ईएफआय पार्टिशन दिसेल, बहुधा 100 एमबीचं. संगणक सुरू करणाऱ्या फाइली तिथे असतात, सी मध्ये नाही. 16 एमबीचं आणखी एक राखीव पार्टिशन असतं, ते या खिडकीत दिसतसुद्धा नाही. रिकव्हरीचं पार्टिशन वेगळंच.

मी "माझं सगळं तर सी वरच आहे" म्हणून फक्त सी ची इमेज घ्यायचो. डिस्क गेली, नवी बसवली, रिस्टोअर शंभर टक्के पूर्ण झालं. यंत्र चालू केलं तर काळ्या पडद्यावर एकच ओळ: बूट करण्याजोगी डिस्क सापडली नाही. एकूण एक फाइल जागेवर होती आणि तरी विंडोज सुरू होत नव्हतं. शेवटी विंडोजच्या डिस्कपार्ट या कमांडने हाताने ईएफआय पार्टिशन बनवलं, बीसीडीबूट ही दुसरी कमांड चालवून त्यात बूटच्या फाइली घातल्या, तेव्हा कुठे सुटका झाली. त्यात अख्खी रात्र गेली. डिस्कवरच्या प्रत्येक पार्टिशनवर टिक करा. जागा वाचवायला एकही सोडू नका.

५. रेस्क्यू यूएसबी आजच चालवून बघा

ही पायरी जवळजवळ सगळे टाळतात, आणि खरी गरज पडते तेव्हा इथेच अडकतात. यूएसबीवरून संगणक सुरू करा आणि तीन गोष्टी डोळ्यांनी बघा: आतली डिस्क दिसते का, बाहेरची दिसते का, आणि तिच्यावरची इमेज उघडते का. माझ्या एका लॅपटॉपवर यूएसबी छान सुरू झाली, पण आतली डिस्क यादीतच नव्हती. डिस्क ज्याच्यामार्फत जोडलेली होती त्या इंटेलच्या व्हीएमडी कंट्रोलरचा ड्रायव्हर यूएसबीत घालून ती नव्याने बनवावी लागली. हे डिस्क मेल्यावर कळलं असतं तर डिस्क खराब की यूएसबी, याचा पत्ताच लागला नसता.

तिन्ही दिसलं की रिस्टोअर न करता बाहेर या. प्रत्यक्ष रिस्टोअरच्या वेळी कुठून आणि कुठे हे डिस्कचं नाव व आकार वाचूनच ठरवा. इथे उलटं झालं तर बॅकअपच पुसला जातो.

६. बिटलॉकर

बिटलॉकर म्हणजे ड्राइव्हवरची माहिती कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन. नव्या लॅपटॉपवर ते अनेकदा आपोआप चालू झालेलं असतं, म्हणून आधी तपासा. चालू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. रेस्क्यू यूएसबी चालवण्यासाठी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या संगणकाच्या सेटिंग्जमध्ये) काही बदललंत तरी पुढच्या वेळी ती मागितली जाऊ शकते. क्लोनझिलासारख्या बाहेरून पाहणाऱ्या प्रोग्रामला कुलूपबंद ड्राइव्ह वाचता येत नाही, म्हणून तो रिकाम्या जागेसकट सगळीच्या सगळी उचलतो. विंडोजमधून घेतलेल्या इमेजमध्ये मात्र माहिती उघडीच जाते. त्या इमेजला पासवर्ड लावा.

७. पुढे

महिन्यातून एकदा आणि मोठ्या अपडेटच्या आधी नवी इमेज घ्या, मग बाहेरची डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) तिलाही सोडत नाही. जागा संपली की सर्वांत जुनी इमेज पुसा, पण नव्या इमेजचं व्हेरिफाय, म्हणजे ती धड आहे का याची प्रोग्रामने केलेली तपासणी, पूर्ण झाल्यावरच.